मूल ‘घर’ला ‘धर’ वाचते तेव्हा

पहिली-दुसरीतल्या मुलांचे पालक पहिल्या चाचणीनंतर हमखास एक तक्रार घेऊन येतात. मूल ‘घर’ऐवजी ‘धर’ वाचते, ‘भ’ आणि ‘म’ची गल्लत करते, ३ काढायला सांगितला तर ६ काढते. घरी मार बसतो, शाळेत ‘ढ’ म्हणून शिक्का बसतो. बहुतेक वेळा यात आळशीपणा नसतोच.

दिसणे आणि दिसण्यातला फरक ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम डोळ्याचे, दुसरे मेंदूचे. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, हे मूल शाळेत येण्याआधीच शिकलेले असते. अक्षरांच्या जगात मात्र उलटा कायदा! पोटात तिरकी रेघ आली की ‘व’चा ‘ब’ होतो, ‘प’चा ‘ष’ होतो; ३ ने तोंड फिरवले की ६. ही बारकी नजर वयाबरोबर येते. सातव्या वर्षापर्यंत अशी उलटापालट पुष्कळ निरोगी मुलांत आढळते.

तरी आधी नजर तपासून घ्यावी. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल सहसा तक्रार करीत नाही, कारण दुसरा डोळा काम भागवतो. घरी एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर दुरून ओळखायला सांगा. अशा ‘आळशी’ डोळ्यावर चष्मा आणि चांगल्या डोळ्याला पट्टी हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वात चांगला लागू पडतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणी करते. त्या दिवशी मूल गैरहजर होते का, हे गुरुजींना विचारा.

आपल्याकडचे मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिते, ती गोष्ट निराळी. ती खान्देशी बोलीची सवय आहे, त्यासाठी डोळे तपासायला आणू नका.

सरावासाठी महागडे साहित्य नको. बालवाडीच्या वयात मूग, मठ, उडीद निवडायला द्यावेत. पण धान्य निवडून अक्षर येत नाही. अक्षरांचा सराव अक्षरांवरच हवा. याच वर्तमानपत्राच्या मथळ्यांत ‘ध’ शोधून लाल पेन्सिलीने गोल करायला सांगा. एस.टी. स्टँडवर ‘पाचोरा’ आणि ‘पारोळा’ या पाट्या वाचू द्या. ‘बोदवड’मध्ये तर ‘ब’ आणि ‘व’ दोन्ही सापडतात. सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. ‘घ’ पक्का झाल्यावर, काही दिवसांनी ‘ध’ घ्यावा. रोज दहा मिनिटे पुरेत.

डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचांचा चष्मा यांनी वाचन सुधारते, असे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्रित निवेदन काढून यास शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले आहे.

आठवे वर्ष उलटले, तिसरी आली, तरी मूल अक्षरांतच अडकले असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. हा मुख्यतः अक्षर आणि ध्वनी यांची सांगड न बसण्याचा प्रश्न असतो, म्हणून कानही तपासावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास दहावीला जादा वेळ मिळतो. मात्र वाचनाची खास शिकवणी तिसरीतच सुरू व्हायला हवी.