आठवड्याचा हिशेब

कळमनुरीच्या भागात हळद पिकते. हळद शिजवतात, वाळवतात. मग ती निवडतात. गड्डे एका बाजूला, हळकुंडे दुसऱ्या बाजूला. निवडल्याशिवाय कोणता माल किती, ते कळत नाही.

हिशेबाचेही तसेच आहे. नोंदी नुसत्या लिहून भागत नाही. हवी ती नोंद निवडून काढता आली पाहिजे.

आपला बचत गट घ्या. गटात दहा ते वीस बाया असतात. समजा, दर आठवड्याला बैठक भरते. बचत जमा होते. कोणी कर्ज घेते, कोणी फेडते. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकेला जोडायला सुरुवात केली. बँक गटाला कर्ज देते. पण आधी वह्या पाहते. हिशेब चोख, तर गटाची पत मोठी.

मग नोंद कशी ठेवावी? तक्ता आखावा. वहीत आखा, नाहीतर संगणकावर आखा. रीत एकच.

तारीख | सभासद क्रमांक | कशाचे | रुपये
६-१-२०२६ | ४ | बचत | ५०
६-१-२०२६ | ७ | बचत | ५०
६-१-२०२६ | ७ | कर्जफेड | २००
१३-१-२०२६ | ४ | बचत | ५०
१३-१-२०२६ | ४ | कर्जफेड | ३००
१३-१-२०२६ | ७ | बचत | ५०

हे नियम पाळा :

१. एका ओळीत एकच नोंद लिहा. बचत आणि कर्जफेड एका घरात कोंबू नका.

२. प्रत्येक ओळीत पूर्ण तारीख लिहा. तारखेखाली नुसत्या खुणा करू नका. माणसाला खूण कळते, संगणकाला कळत नाही.

३. एका गोष्टीला एकच शब्द ठेवा. आज ‘कर्जफेड’, उद्या ‘हप्ता’ असे करू नका.

४. सभासदाला क्रमांक द्या. गटात दोन गंगाबाई असल्या, तर घोटाळा होत नाही.

५. मध्येच ओळ कोरी सोडू नका.

आता आठवड्याचा हिशेब काढू. संगणकात ‘फिल्टर’ नावाची सोय असते. फिल्टर म्हणजे चाळणी. १३ तारीख निवडली, की त्याच दिवसाच्या तीन ओळी दिसतात. बचत १०० रुपये, कर्जफेड ३०० रुपये. एकूण ४०० रुपये.

एखादी मावशी घाबरून विचारते, “अगं बाई, मागल्या आठवड्याचं सगळं पुसलं का काय?”

“नाही मावशी. पुसलं नाही, नुसतं झाकलंय. चाळणी काढली की समदं परत दिसतं.”

मात्र एक ध्यानात ठेवा. साध्या बेरजेत झाकलेल्या ओळीही धरल्या जातात. म्हणून दिसणाऱ्या ओळींची बेरीज हातानेही करून पाहा. पेटीतली रोकडही मोजा.

आता चाळणीत सभासद क्रमांक ७ निवडा. तिने ६ तारखेला २०० रुपये फेडले. १३ तारखेला फेड दिसत नाही. तिने दिलीच नाही, की दिली आणि लिहायची राहिली? तिचे पासबुक पाहा. त्याच बैठकीत विचारा. महिन्याने विचारले, तर कोणाला आठवत नाही. मग भांडण होते. भांडणाने विश्वास जातो आणि गट मोडतो.

म्हणून उठण्यापूर्वी आठवड्याचा हिशेब मोठ्याने वाचावा. दर बाईने आपली ओळ स्वतः पाहावी. तुम्ही आता वाचायला शिकलात. घामाचा पैसा आपला, तर त्याचा आकडाही आपणच वाचावा.

सराव

१. क्रमांक ४ च्या सगळ्या ओळी शोधा. तिची बचत किती? कर्जफेड किती?

२. ६ तारखेला एकूण किती रुपये जमा झाले?

३. तुमच्या गटाच्या मागच्या बैठकीचा असा तक्ता वहीत लिहा.