कूलर घ्यायचा? आधी हवेला विचारा!

उन्हाळा तोंडावर आला की जिंतूरच्या बाजारात पत्र्याचे कूलर दुकानांबाहेर येऊन उभे राहतात आणि घरोघर चर्चा सुरू होते. कूलर घ्यावा की वातानुकूल यंत्र? घेतलाच तर केवढा? "पंखा जितका मोठा, तितका गारवा जास्त," असे कोणी तरी ठामपणे सांगतो. हे कितपत खरे आहे, ते दोन तापमापक घेऊन तुम्हांला स्वतःच ठरवता येईल.

प्रथम कूलर काय करतो ते पाहू. त्यात एक पंखा, एक छोटा पंप आणि तीन बाजूंना गवताच्या ताट्या असतात. पंप ताट्या भिजवतो आणि पंखा बाहेरची कोरडी हवा त्यांतून आत ओढतो. ताट्यांवरील पाण्याची वाफ होते. वाफ होण्यास लागणारी अप्रकट उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा निवते. माठातील पाणी गार होते तेही याच कारणाने.

परंतु हवेत आधीच ओल असेल, तर पाण्याची वाफ कमी होणार. हे मोजायचे कसे? शाळेच्या प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. (डॉक्टरांचा तापमापक येथे चालणार नाही.) एकाच्या फुग्याभोवती मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक वाटीतील पाण्यात सोडा. दोन्ही तापमापक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि दहा मिनिटांनी वाचा.

समजा, मे महिन्यातील दुपारी कोरडा तापमापक ४२° से. आणि ओला २२° से. दाखवतो. फरक झाला २० अंशांचा. ताट्या चांगल्या आणि पूर्ण भिजलेल्या असतील, तर कूलर या फरकाच्या साधारण तीन-चतुर्थांश, म्हणजे १५ अंश उतरवतो. कूलरमधून २७° ची हवा येईल. आता जुलैतील पावसाळी दिवस घ्या. कोरडा ३०°, ओला २७°, फरक अवघा ३ अंशांचा. कूलर जेमतेम दोन अंश उतरवील आणि वर हवा दमट करील. पंखा कितीही मोठा घेतला, तरी कूलरची हवा ओल्या तापमापकाच्या खाली जाणार नाही. मोठा पंखा हवा जास्त देतो, अधिक थंड देत नाही. म्हणूनच आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात उपयोगी पडणारा कूलर मुंबईच्या दमट हवेत फारसा उपयोगी पडत नाही.

विजेचा हिशेब कूलरच्या बाजूने आहे. त्याला साधारण २०० वॉट पुरतात. दीड टनी वातानुकूल यंत्र पूर्ण भाराने चालताना सुमारे १,५०० वॉट घेते. मग ही बचत फुकट मिळते काय? नाही. तिची किंमत आपण पाण्यात मोजतो.

हिशेब करून पाहा. कूलर तासाला १,५०० घनमीटर हवा देतो असे धरू. तिचे वस्तुमान सुमारे १,६५० किलोग्रॅम. एक किलोग्रॅम हवा एक अंश निवायला सुमारे १ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १५ अंशांसाठी १,६५० × १५ = २४,७५० किलोज्यूल. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल शोषले जातात. भागाकार करा : तासाला सुमारे १० लिटर! आठ तासांत ८० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे पाचांहून अधिक हंडे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आठवले की या पाच हंड्यांचे मोल कळते. तेव्हा खोलीला पुरेल एवढाच कूलर घ्यावा.

वापरतानाही हेच तत्त्व ध्यानात ठेवावे. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत ठेवा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवा. दारे-खिडक्या बंद केल्या, तर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि दोन तापमापकांतील फरक घटत जातो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा, म्हणजे डासांची अंडी राहणार नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पत्रा, पाणी आणि वीज येथे एकत्र आलेली असतात. तारेचे आवरण कुठे फाटले, तर सगळा पत्रा विद्युत्‌भारित होऊ शकतो आणि ओल्या हाताचा स्पर्श जिवावर बेततो. म्हणून तीन पिनांचाच प्लग हवा, घराचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासलेले हवे आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवलेला हवा. पाणी भरताना नुसते बटण बंद करू नका, प्लगच काढा.

शिक्षकांना एक सूचना. मार्च ते जुलै रोज दुपारी दोन वाजता विद्यार्थ्यांकडून दोन्ही तापमापक वाचून घ्यावेत आणि आकडे शाळेच्या फळ्यावर लिहावेत. पुढच्या वर्षी गावात कोणी कूलर घ्यायला निघाला, तर तुमच्या वहीतील आकडे त्याला दुकानदारापेक्षा चांगला सल्ला देतील.