आज कुठे जेवायचे?

मुलांनो, दुपारी एक वाजता तुम्ही पूर्णा गावच्या रस्त्यावर कधी थांबला आहात का? भिवंडीहून ठाण्याला जाताना हे गाव लागते. पूर्वी या भागात भाताची शेती होती. आता जिकडे तिकडे गोदामे दिसतात. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात भरावी लागे, म्हणून व्यापारी आपला माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवू लागले. २०१७ साली जकात बंद झाली, पण गोदामे राहिली.

एक वाजला की हमाल अंगावरची धूळ झटकतात. टेम्पोचे चालक खाली उतरतात. कारकून वही मिटतात. सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो : आज कुठे जेवायचे?

दहा मिनिटेच असतील, तर गाडीवरचा वडापाव बरा. अर्धा तास असेल, तर हॉटेलातली राईसप्लेट मिळते. राईस म्हणजे भात. पण या ताटात पुऱ्या किंवा चपात्या, दोन भाज्या, आमटी, पापड आणि लोणचेही असते. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका! कर्नाटकातल्या उडुपी भागातून आलेल्या लोकांनी मुंबईत आणि आसपास अशी पुष्कळ हॉटेले काढली. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेली खानावळ त्यांपैकीच एक आहे.

हॉटेलात बसण्यापूर्वी पाटी वाचावी. ‘थाळी मर्यादित’ असे लिहिले असेल, तर ठरलेले तेवढेच मिळेल. उर्दूत आपण ‘महदूद’ म्हणतो, तोच हा अर्थ. ‘अमर्यादित’ असेल, तर पोट भरेपर्यंत जेवा. मग वाढणाऱ्याला विचारा :

“काका, आज भाजी कोणती आहे?”

“वाल आहे, बटाटा आहे.”

“एक थाळी द्या. भात थोडा जास्त वाढा.”

हा ‘वाढणे’ शब्द मोठा गमतीचा आहे. मूल वाढते, बाजारात भाव वाढतो आणि ताटात जेवणही वाढतात. बाकीचे शब्द तुम्हाला अवघड जाणार नाहीत. हिशेब, बाकी, रोज, तयार, दुकान, हमाल हे शब्द उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत.

पण भिवंडीत एक जेवण असे आहे, की त्याची पाटी कुठेच लावलेली नसते. ते म्हणजे भिसीचे जेवण. दरमहा पैसे जमवून ते पाळीपाळीने एकेकाला देतात, त्या भिशीबद्दल तुम्ही घरी ऐकले असेल. ही भिसी वेगळी. ही यंत्रमाग कामगारांची खानावळ आहे.

यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी असते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरच्या भागांतून कामगार येतात. पुष्कळजण एकटेच असतात. एका लहानशा खोलीत अनेकजण राहतात. तिथे चूल कुठे मांडणार? आणि बारा तास उभे राहून आल्यावर पोळ्या कोण लाटणार? म्हणून ते भिसीत नाव घालतात. दोन वेळचे जेवण ठरते आणि पैसे पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने द्यायचे असतात. डाळ, भात, रोटी, भाजी आणि एखाद्या दिवशी मांस, असा साधा बेत असतो. हॉटेलात आधी खिसा पाहावा लागतो. भिसीत आधी जेवण आणि मग हिशेब.

म्हणजे भिसी चालवणारा माणूस रोज उधारीवर जेवू घालत असतो. तो स्वतःही किराणा उधारीवरच आणतो. मुंबईच्या गिरणगावात हेच काम हजारो बायका करत असत. किराण्यासाठी त्यांना सावकाराचे जबर व्याज भरावे लागे. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवू घालणारी बाई कर्जात बुडालेली असायची, हे त्यांनी पाहिले होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि भिवंडीचे माग थांबले. माग थांबले, तशी मजुरी थांबली. मजुरी नाही, तर भिसीचे पैसे कुठून येणार? पैसे नाहीत, तर डाळ कुठून येणार? भिसी बंद पडल्या. ज्यांच्या खोलीत चूलच नव्हती, ते काय शिजवणार? कामगार गावाकडे निघाले. कोणी पायी, कोणी मिळेल त्या वाहनाने. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी खास गाडी सुटली.

पुढे माग पुन्हा सुरू झाले. तुमच्या गल्लीत मागांचा खडखडाट चालू असेल आणि जवळूनच फोडणीचा वास येत असेल, तर तिथे भिसी आहे, असे समजा. तिथून जेवून निघालेले एखादे काका भेटले, तर त्यांना मराठीत विचारा, “काका, आज काय होते जेवायला?”

बहुतेक दिवशी ते म्हणतील, “डाळ-भात.” शुक्रवारी कदाचित वेगळे उत्तर मिळेल.