घरातील बोलणे

चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६३ साली मनोविकार विभाग सुरू केला. पुढे त्यांनी व लंडनचे डॉ. ज्युलियन लेफ यांनी सहकाऱ्यांसह स्किझोफ्रेनिया झालेल्या व्यक्तींच्या नातेवाइकांचा अभ्यास केला. नातेवाईक रुग्णाविषयी काय बोलतात आणि कोणत्या स्वरात बोलतात, या दोन्हींची नोंद झाली. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या तुलनेत चंडीगढच्या नातेवाइकांच्या बोलण्यात दोषारोप कमी आढळले. मात्र जेथे रुग्णाविषयी वैरभाव होता, तेथे वर्षभरात आजार उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले.

घरच्यांमुळे हा आजार होतो, असा याचा अर्थ नव्हे. औषधोपचार तर आवश्यकच असतात. पण त्यांना घरातील बोलण्याची साथ हवी.

या आजारात कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, तर कुणाच्या मनात निराधार संशय घर करतो. समजा, मुलगा म्हणाला, “शेजारी माझ्याविरुद्ध कट करत आहेत.” “काहीतरीच बोलू नकोस!” असे म्हटल्यास तो एकटा पडतो. “खरे आहे तुझे,” असे म्हटल्यास संशय बळावतो. याहून वेगळे उत्तर आईला देता येईल : “मला तसे वाटत नाही, बाळा, पण तू घाबरला आहेस, हे मला कळते. मी जवळ बसू का?” येथे आई संशयाला दुजोरा देत नाही आणि वादही घालत नाही. ती त्याची भीती मात्र खरी मानते.

रुग्णाला एकाग्र होणे कठीण जाते. म्हणून शांत स्वरात, लहान वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट सांगावी व उत्तरासाठी थांबावे. त्याचा निरुत्साह हा आळस नसून बहुधा आजाराचाच भाग असतो. त्याच्यादेखत त्याच्याविषयी परस्पर बोलू नये. त्याने जीव देण्याची भाषा केली, तर ती कधीही धमकी समजू नये; त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांची मदत घ्यावी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो.

आजार लवकर हटत नाही. तोवर आपले माणूस आपल्याशी बोलत राहील, एवढा विश्वास घराने त्याला द्यावा.

पाठगत प्रश्न
१. चंडीगढच्या अभ्यासात कोणत्या दोन गोष्टींची नोंद झाली?
२. आईचे उत्तर योग्य का आहे?
३. ‘दुजोरा देणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.