लिनक्स लॅपटॉप आणि दुसरा पडदा : अडचण नेमकी कुठे?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. चांगले चालणारे जुने लॅपटॉप भंगारात देण्यापेक्षा त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली घालून वर्गात वापरणं केव्हाही बरं. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सच वापरत आहेत. पण मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडला आणि पडदा काळाच राहिला, की पस्तीस मिनिटांची तासिका वाया जाते आणि "लिनक्स नकोच" असं ठरून जातं. म्हणून आज हा पाठ.

आपल्या धामापूरचंच उदाहरण घ्या. कुणग्यात पाणी आलं नाही तर आपण लगेच तलावाला दोष देत नाही. आधी तलावात पाणी आहे का बघतो, मग पाट कुठे तुंबलाय ते बघतो, शेवटी कुणग्याचं तोंड. इथेही तसंच : लॅपटॉप म्हणजे तलाव, केबल म्हणजे पाट आणि मॉनिटर म्हणजे कुणगा.

१) पडदा काय सांगतो ते वाचा. "नो सिग्नल" दिसलं तर मॉनिटर चालू आहे, पण त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. रिमोटने योग्य इनपुट निवडलंय का ते पाहा. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि निवड १ ची, असं फार वेळा होतं. "आऊट ऑफ रेंज" आलं तर चित्र पोचतंय, पण पडद्याला न झेपणाऱ्या मापाचं. मग माप कमी करा.

२) केबल तपासा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर गंज चढतो. सगळं बंद करून कोरड्या मऊ ब्रशने पिना पुसा. दुसरी केबल लावून बघा. यूएसबी-सीचं प्रत्येक भोक चित्र पाठवतंच असं नाही. काही फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात.

३) सेटिंग्जमधलं 'डिस्प्ले' उघडा. तिथे दुसरा पडदा दिसतो का? दिसत असेल तर 'मिरर' निवडा, दोन्हीकडे तेच चित्र येईल. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि पी एकत्र दाबूनही हे करता येतं.

४) चित्र आलं, पण फाटकं किंवा लहान? प्रत्येक मॉनिटर आपली मापं लॅपटॉपला स्वतः सांगतो. जुन्या व्हीजीए केबलची ती तार तुटली की लॅपटॉपला माप कळत नाही आणि तो बहुतेक वेळा १०२४ × ७६८ वर थांबतो. दोष प्रणालीचा नसून केबलचा असतो.

५) पडदा यादीतच नाही? एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' मध्ये जाऊन शिफारस केलेला ड्रायव्हर घाला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ असेल तर लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या चक्रातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडून बघा.

६) तरीही नाही? लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबुंटू' ने लॅपटॉप सुरू करा. तिथे पडदा लागला, तर केबल आणि यंत्र ठीक आहे; गडबड आतल्या मांडणीत आहे. दुरुस्तीवाल्याकडे जायच्या आधी एवढं कळलं तरी खर्च वाचतो.

चित्र आलं पण आवाज येत नाही, तर 'साऊंड' मध्ये आऊटपुट म्हणून एचडीएमआय निवडा.

लक्षात ठेवा : एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, इनपुट, ड्रायव्हर सगळं एकदम बदललं, तर दुरुस्त कशाने झालं ते कळणारच नाही.

मुलांसाठी उपक्रम : वहीत तीन रकाने आखा : काय दिसलं, काय बदललं, काय झालं. सहावी-सातवीची मुलं हे सहज करतात. प्रयोगाची नोंद ठेवणं म्हणजे विज्ञानच की! हा तक्ता प्रोजेक्टरजवळ लावून ठेवा. पुढच्या वेळी बाई किंवा सर नसले तरी मुलं स्वतः पडदा लावतील.