शशीचा इंग्रजीचा वर्ग

१९६९ सालीं तारापूर येथील अणुविद्युत्-केंद्र सुरू झालें, बोईसरास कारखाने आले, आणि आपल्या पालघर भागांत नाना भाषांचीं घरें शेजारीं नांदूं लागलीं. यांपैकीं कित्येक घरांतील आईस इंग्रजी येत नाहीं. अशाच एका आईचा बोलपट म्हणजे ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२).

पुण्याच्या गौरी शिंदे यांनीं तो लिहिला व दिग्दर्शित केला. त्यांची आई लोणचीं करून विकीत असे. तिला इंग्रजी नीट येत नाहीं याची त्यांना लहानपणीं लाज वाटे. त्या जाणिवेंतून ही कथा निघाली. श्रीदेवी यांनीं १५ वर्षांच्या खंडानंतर येथें प्रमुख भूमिका केली.

शशी गोडबोले लाडू करून विकते. (पुण्याच्या गोडबोल्यांकडे हिंदी कशी, असें कोणी पुसेल, बोलपटच हिंदी आहे!) तिच्या उच्चारांस नवरा व मुलगी हंसतात, आणि भरल्या घरांत ती एकटी पडते. शाळेंत ती फादरांशीं हिंदींत मोकळेपणानें बोलते. लाजते ती मुलगी! हा प्रसंग पालकांनीं मुलांसह पाहावा.

भाचीच्या लग्नासाठीं न्यूयॉर्कला गेली असतां ती चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गांत गुपचूप जाऊं लागते. तेथें एक फ्रेंच आचारी सहाध्यायी आहे. तो फ्रेंचमध्यें बोलतो, ही हिंदींत. शब्द कळत नाहींत, तरी मन कळतें. घरीं भाषा एकच, परंतु तिचें ऐकतो कोण?

लग्नांत ती सावकाश इंग्रजींत बोलते, तेव्हां नवरा व मुलगी खजील होतात. परतीच्या विमानांत ती इंग्रजींतच विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे काय?