लेकुरवाळी आणि पोरवडा

वारकरी माउलींनो, आज दोन शब्दांचा विचार करू. ज्या बाईला पुष्कळ मुले आहेत तिच्यासाठी आपल्या मराठीत दोन बोलणी आहेत. बाई आपल्या नात्यातली असली, घर खाऊनपिऊन सुखी असले, तर ती ‘लेकुरवाळी’. तिला हळदीकुंकवाला पहिला मान, ओटी भरायला तिलाच पुढे बोलवायचे. पण बाई परकी असली, लुगड्याला ठिगळ असले, तर तिच्यामागे चालतो तो ‘पोरवडा’. कोणी त्याला लेंढार म्हणतो, कोणी पलटण म्हणतो. मुलांची संख्या दोन्हीकडे सारखीच असते बरे का! पालटते ते पाहणाऱ्याचे तोंड. जनाबाईंनी प्रत्यक्ष पांडुरंगाला लेकुरवाळा म्हटले, हे आपल्यापैकी लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या देवाला पोरवड्याचा धनी म्हणण्याची कोणाची छाती नाही. मग तेच माणसाच्या बाबतीत इतके सहज का निघते?

आधी शास्त्राकडे पाहू, कारण असल्या बोलण्याला शास्त्राचा आधार काढणारे दोन्ही बाजूंना आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पंचाऐंशीवे सूक्त विवाहाचे आहे. त्यात इंद्राची प्रार्थना आहे की या वधूला दहा पुत्र होवोत आणि पती हा अकरावा असो. आपल्या घरचे वडीलधारेही नमस्कार करणाऱ्या सुनेला अष्टपुत्रा होण्याचा आशीर्वाद देत आले. हा आशीर्वाद देणाऱ्यांनाच पाचवे मूल झाल्याची बातमी कळली की ती म्हणतात, “काय बाई ही हौस!” म्हणजे आशीर्वाद खरा झाला तर आशीर्वाद देणाराच नाक मुरडतो. हा कोणता न्याय?

पूर्वपक्ष असा की वेदानेच दहा सांगितले, तेव्हा अधिक मुले हाच धर्म. त्यावर सांगणे असे की तो आशीर्वाद आहे, विधी नव्हे. विधीचा विचार करायचा तर मनुस्मृतीचा नववा अध्याय उघडावा. तिथे स्पष्ट आहे की ज्येष्ठ पुत्र जन्मला तेवढ्याने मनुष्य पितृऋणातून मोकळा होतो. तो एक धर्मज, बाकीचे कामज. आता हा ‘कामज’ शब्द उचलून दुसऱ्या टोकाचे पंडित धाकट्या लेकरांना हिणवायला निघतात. त्यांनी पुढचाच श्लोक वाचावा. त्यात ज्येष्ठाला आज्ञा आहे की धाकट्या भावांचे पालन बापाने मुलांचे करावे तसे कर. शास्त्र संख्येवर थांबले नाही, सांभाळण्यावर आले. अधिक मुलांचा हट्ट शास्त्राने धरला नाही आणि जन्मलेल्या मुलाला टाकूनही दिले नाही. आपण वाचताना अर्धेच वाचतो.

मग लोक बोलतात ते कशाच्या बळावर? मला विचाराल तर समोरच्याच्या कनवटीकडे पाहून. एक इतिहासातली गोष्ट घ्या. इ.स. १६३१ साली तापीकाठच्या बऱ्हाणपुरात मुमताजमहल बेगम मरण पावली. ती चौदाव्या बाळंतपणात गेली, आणि त्या चौदांपैकी निम्मी लेकरे बालपणीच गेलेली होती. आज ताजमहाल पाहायला जाणारा शहाजहानच्या प्रेमाचे गोडवे गातो. बाळंतपणांनी थकून गेलेल्या एका बाईची ती कबर आहे हे फार थोड्यांच्या मनात येते. बादशहाची चौदा म्हणजे वैभव! आणि त्याच सुमारास आपल्या देशावर १६३०-३१ चा भयंकर दुष्काळ पडला होता. त्यात देहूला तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. त्या काळी घरोघर मुले जास्त होत ती कोणी हौसेने मांडलेली आरास नव्हती. चार जन्मतील तेव्हा दोन जगतील, हा कुणब्याच्या घरचा हिशेब होता. हा हिशेब न कळता जो नुसती डोकी मोजतो, त्याचे मोजणे चुकतेच.

हे मला पोथीत वाचून कळले नाही, वाटेवर कळले. १९८३ च्या आषाढीत नातेपुते सोडून माळशिरसच्या वाटेला लागलो होतो. आमच्या दिंडीच्या मागच्या अंगाला एक बाई चालत होती. एक कडेवर, एक पाठीशी बांधलेले, बाकीची पदराला धरून, एकूण सात. ऊन फार होते. शेजारून चालणारा एक बऱ्यापैकी शिकलेला गृहस्थ मोठ्याने म्हणाला, “काय हो मावशी, अख्खी दिंडी घरूनच आणली का?” आजूबाजूचे हसले. बाई थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, “सात न्हाईत महाराज, नऊ हाईत. दोन पांडुरंगानं ठिवून घेतली. त्यांचंबी चालनं मीच चालतीया.” तो गृहस्थ टाळ वाजवीत पुढच्या ओळीत निघून गेला.

कोणी म्हणेल, महाराज, त्यांतली काही जावेची, नणंदेची असतील. नाही. सातही तिच्याच पोटची होती. आणि जावेची निघाली असती तरच तिचा मान ठेवायचा, असे थोडेच आहे?

त्या बाईचे बोलणे ऐकून मला श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधातला पंचाऐंशीवा अध्याय नव्याने लागला. कृष्णजन्म आपण सगळे ऐकतो. सहा मुले कंसाने मारली, सातवा गर्भ रोहिणीकडे गेला, आठवा श्रीकृष्ण. गोकुळाष्टमीला पाळणा हलतो, सुंठवडा वाटतात, आणि श्रोते घरी जातात. पण देवकीची कथा तिथे संपत नाही. पुढे कंस मेला, द्वारका वसली, सांदीपनी गुरूंचा गेलेला मुलगा कृष्णाने परत आणून दिला अशी कीर्ती झाली. तेव्हा एके दिवशी ही म्हातारी आई कृष्ण-बलरामांना समोर बसवून डोळ्यांत पाणी आणून मागते, “कंसाने मारलेली माझी लेकरे मला एकदा दाखवा.” पाहा हो! साक्षात परब्रह्म जिच्या पोटी आले, सगळी द्वारका जिला माता म्हणते, ती त्या सहांना विसरलेली नाही. तुम्ही-आम्ही तिला कृष्णाची आई म्हणतो. ती स्वतःला आठांची आई म्हणते. मग दोघे भाऊ सुतलात बळीकडे जातात, त्या सहांना घेऊन येतात. देवकी त्यांना मांडीवर घेते, हुंगते, पाजते, आणि सगळ्यांच्या देखत ती मुले देवलोकी निघून जातात. अंगावर काटा येणारा प्रसंग आहे. टीकाकार इथे मायेचा, शापाचा, पूर्वजन्माचा विचार करतात. तो आपल्या जागी योग्यच आहे. मला मात्र त्या नातेपुत्याच्या वाटेवरची बाई आणि देवकी एकाच पद्धतीने लेकरे मोजताना दिसतात.

आता ‘आठवा झाला नसता तर कृष्ण कुठला?’ अशी कोटी नेहमी करतात. तिच्याच जोडीला अलीकडचे उदाहरण देतात की डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हे रामजी सुभेदारांचे चौदावे अपत्य. ही गोष्ट खरी आहे. पण कोटी करणाऱ्याने संपूर्ण चरित्र वाचावे. त्या चौदांतली बरीच लहानपणीच गेली, आणि भीमराव सहा वर्षांच्या आतबाहेर असतानाच आई भीमाबाई गेल्या. ज्याने हे सोसले तो पुरुष पुढे काय म्हणाला? १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तो बाबासाहेबांच्या पक्षाकडून. तो नामंजूर झाला. चौदाव्या लेकरानेच आईच्या कष्टांची कैफियत मांडावी, आणि सभेने ती परत करावी!

तेव्हाची लोकांची तोंडे कशी होती ते पाहा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. देवाधर्माच्या बाबतीत त्यांचे आमचे जमणारे नव्हे, ते असो. पण ‘बाईला किती बाळंतपणे झेपतात ते तिला ठरवू द्या’ एवढे म्हटल्याबद्दल त्या माणसाची नोकरी गेली, त्याच्यावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्याची वकिली बाबासाहेबांनी केली. म्हणजे त्या काळी ‘कमी मुले’ म्हणणारा पापी.

पुढे १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतले. आमच्या लहानपणी गावोगावच्या भिंतींवर लाल त्रिकोण रंगलेला असे. सांगणे चांगले होते. मात्र सांगण्याचे दटावणे कधी झाले ते कळले नाही. आणीबाणीत सरकारी नोकरांना ‘केसेस’ आणण्याचे आकडे ठरवून दिले गेले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीची शस्त्रक्रिया करण्याचे विधेयक १९७६ साली संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. चाळीस-पन्नास वर्षांत पाप बाजू पालटून बसले. आता ‘जास्त मुले’ असणारा पापी. पुढे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्यास पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरवण्याचा नियम आला, तेव्हा गावातल्या राजकारण्यांना शेजाऱ्याची पोरे मोजण्याचा नवाच छंद लागला. जन्मदाखले काढून आणतात हो! आणि हल्ली पुन्हा काही व्यासपीठांवरून तीन मुले हवीत असा उपदेश ऐकू येऊ लागला आहे. उद्या बहुधा एकुलत्या एका मुलाच्या आईला बोल लागेल. जिला मूलच नाही तिला तर तो कधीचाच लागत आला आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात दर स्त्रीमागे सरासरी दोन मुले आणि महाराष्ट्रात १.७ असा आकडा आला. तेव्हा सात-आठ मुलांचे घर आज क्वचितच दिसते, आणि क्वचित दिसते म्हणूनच लोक अधिक वळून पाहतात. ज्या घरात आजही चौथी, पाचवी होते तिथे जाऊन विचारा. बहुतेक ठिकाणी आधीच्या सगळ्या मुली असतात. ‘वंशाला दिवा नको का?’ असे त्या बाईला वर्षानुवर्षे टोचणारी माणसे कोण? तीच, जी पुढे तिला पोरवडा म्हणून हसतात. आधी खड्ड्यात ढकलायचे, मग पडली म्हणून टाळ्या पिटायच्या. माउलींची पालखी ज्या सातारा जिल्ह्यातून जाते त्या जिल्ह्यात नको असताना झालेल्या मुलीचे नावच ‘नकुशी’ ठेवीत. २०११ साली तिथे अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभाने नवी नावे दिली. शाळेत रोज हजेरीला ‘मी नको होते’ असे ऐकून ‘हजर’ म्हणायचे! त्या वयात ते लेकरू काय समजत असेल?

माझा खरा सांगावा इथे आहे. आईबापांना मारलेला टोमणा आईबापांपाशी थांबत नाही, तो पोरांच्या कानात जातो. आणि हे वारकऱ्याला मी सांगावे? आळंदीने विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंच्या संसाराला बोल लावला. मुले अवघी चार. पण ‘संन्याशाची पोरे’ हा शब्द कोणाच्या वाट्याला आला? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांच्या. आईबाप देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेले, आणि ही लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायी हिंडली. मघाशी मनूची आज्ञा सांगितली, ज्येष्ठाने धाकट्यांचा बाप व्हावे. ती निवृत्तिनाथांइतकी कोणी पाळली? गावाने टाकलेल्या भावंडांचा तो बापही झाला आणि गुरूही.

आता आमच्या कीर्तनकार मंडळींशी दोन शब्द. हशा पिकवायचा म्हणून पोरवड्याचे दृष्टान्त देण्याची चाल अलीकडे फार बोकाळली आहे. ‘घरात क्रिकेटचा संघ, वर पंच वेगळा’, असले काहीतरी बोलतात, मंडप हसतो, बिदागी वाढते. जिजाईंना कर्कशा रंगवून हशा काढण्याची जुनी चालही त्यातलीच. दुष्काळाने पिळलेल्या घरात मुलांच्या तोंडात घास घालायचा कोणी, याचा विचार त्या बाईने केला. त्यात हसण्यासारखे काय आहे? मंडपात बायकांच्या बाजूला कोपऱ्यात पाच-सहा लेकरे घेऊन बसलेली एखादी असतेच. ती त्या क्षणी पदर तोंडाला लावते. ती हसत आहे असे गादीवरून वाटते.

तरुण बुवा विचारतात, “मग महाराज, या विषयावर बोलायचेच नाही का? बाईचे हाल होतात ते होऊ द्यायचे?” बोला की! पण बायकांकडे तोंड करून नव्हे, पुरुषांकडे करून बोला. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, लहान. तरी त्याच पाहणीत ती झालेले नवरे शंभरात अर्धासुद्धा नाहीत आणि शस्त्रक्रिया झालेल्या बायका मात्र ३८. हे मंडपात सांगायला धाडस लागते, तिथे हशा पिकत नाही. बाई आपण होऊन विचारील तर गावच्या आशाताईंकडे, दवाखान्यात तिला सन्मानाने पाठवा. एरवी दुसऱ्याची पोरे मोजण्याचा अधिकार फक्त पंगतीत वाढणाऱ्याला आहे, कारण त्याला पत्रावळी मांडायच्या असतात.

आणि येत्या गोकुळाष्टमीला जन्माचे कीर्तन ज्यांच्याकडे असेल त्यांनी पाळणा झाल्यावर आरतीची घाई करू नये. अर्धी घटका राखून ठेवावी, आणि पंचाऐंशीव्या अध्यायातली देवकी उभी करावी. त्या सहा मुलांची नावे मूळ भागवतात दिली आहेत. ती पाठ करून, एकेक सावकाश, नीट उच्चारून सांगावीत.